गारांची बरणी आणि तिचे झाकण

रूपराव, लहानपणी आपण दोघे बैलगाडीत वांग्यांच्या पोत्यांवर बसून सेलूच्या बाजाराला चाललो होतो. पेरू एकच होता. तू तो दातांनी अर्धा केलास आणि मोठा भाग मला दिलास. मृत्युपत्र लिहायला बसले तेव्हा आधी तेच आठवले. पुढचे वाचताना तो पेरू लक्षात ठेव.

मी, कुमारी ज्योत्स्ना चंद्रभान भोयर, वय सहासष्ट, राहणार हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, हे पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम आणवला, कारण माझा धाकटा भाऊ रूपराव याने भर ग्रामसभेत माझ्या डोक्याबद्दल शंका घेतली होती.

१. माझ्या वाट्याचे घर व मागची भाजीची वाडी माझी भावजय जया रूपराव भोयर हिच्या एकटीच्या नावे करावी. कारण सांगायला थोडे मागे जावे लागेल.

आमच्या गावाला गारपगारी होता. गारांचा ढग आला की तो शिवारात उभा राहून त्याला परतवायचा आणि सुगीत घरोघरून पायलीभर ज्वारी न्यायचा. म्हातारपणी तो मुलाकडे नागपूरला गेला आणि पुढच्याच फाल्गुनात एक काळा ढग बोर धरणावरून सरळ आमच्या वांग्यांवर आला. लोक ढगाला शिव्या देऊ लागले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. सिस्टरांनी शिव्या शिकवल्या नव्हत्या. मी छत्री मिटली, वर पाहिले आणि म्हणाले, "एक्सक्यूज मी, प्लीज."

ढग थांबला. त्याच्याशी इतके नीट आजवर कोणी बोलले नसावे.

"ताई, तू त्या ढगाले काय म्हनून राह्यली?" रूपराव खाटेखालून ओरडला.

"बसायला सांगते आहे. ती लोणच्याची बरणी रिकामी करून आण."

"अन् लोनचं?"

"खाऊन टाक."

त्याने खाल्ले. ढग अंग चोरून बरणीत शिरला. थोडा बाहेर राहिला, तो मी लाटण्याने आत ढकलला. पुढे दर फाल्गुनात एखादा येत गेला आणि गारपगाऱ्याची ज्वारी मला मिळू लागली. एक जरा उनाड निघाला आणि हायवेवरच्या जाम गावच्या चौकात ट्रकवाल्यांत रमला. त्याला पिशवीत घालून एसटीने आणावे लागले. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट फाडले. ते तिकीट जयाची मुलगी आचल हिला द्यावे.

गावात गारा पडणे बंद झाले आणि तेच माझ्यावर उलटले. ग्रामसभेत रूपराव उभा राहिला.

"गारा पडूनच नाई राह्यल्या, तं ताईले ज्वारी काऊन द्यायची? बरनीसंग बोलत बसते. डोकं फिरलं तिचं."

लोक हसले. ज्यांची वांगी मी वाचवली होती, तेही हसले. ज्वारी बंद झाली. तिचे मला काही नाही. पण रूपराव, ढग बरणीत शिरताना बाकीच्यांनी पाहिला नव्हता. ते लोणचे तू खाल्ले होतेस.

त्यानंतर माझ्या दारात आली ती एकटी जया, पदराखाली ज्वारी झाकून. "मांजराले आनली होती ताई, उरली." आमच्याकडे मांजर कधीच नव्हते, आणि मांजर ज्वारी खात नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होते. अशा बाईला रूपरावने लग्न झाल्यापासून नावाने हाक मारलेली नाही. "ए" म्हणतो. पाणी हवे असेल तर नुसता पेला आपटतो.

२. छत्री ग्रामसभेला द्यावी. एकच आहे, सर्वांनी वाटून घ्यावी.

३. आता बरणी. एरवी तोंडाला साधे फडके बांधले तरी आतले ढग झोपून असतात. फाल्गुनात जागे होतात. तेव्हा तिचेच झाकण घट्ट बसवून त्यांच्याशी रोज दोन शब्द नीट बोलावे लागतात. दुसरे झाकण बसत नाही. मी गावभरची लावून पाहिली. माझ्यामागे कोणी हे केले नाही, तर इतक्या वर्षांचे साचलेले सगळे एकाच दुपारी गावावर कोसळेल. हसणाऱ्यांच्या वांग्यांवर कोसळू दे, असेही मनात येते. पण त्या वेळी जया वाडीत भाजी तोडत असेल.

म्हणून बरणी रूपरावला द्यावी.

झाकण जयाला द्यावे. तिने ते आपल्या माहेरच्या पेटीत कुलपात ठेवावे आणि दर फाल्गुनात रूपरावने नावाने हाक मारून मागितले तरच काढून द्यावे. प्लीज म्हणण्याची सक्ती नाही. "जया, झाकन दे वं," एवढे पुरे. पेला आपटल्यास देऊ नये.

ठिकाण: हिंगणी
दिनांक: १२ जानेवारी २०२५
सही: ज्योत्स्ना चंद्रभान भोयर

आमच्यासमक्ष सही झाली:
१. पुंडलिकराव झाडे (बरणी हलल्यामुळे अक्षर वाकडे आले आहे)
२. सीताबाई उईके (अंगठा, दारातून आत न येता दिला)