समोरची खोली उंचीला

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आहे ते गुरुवारच्या ऑपरेशनचे, आणि ते कायद्यात धरत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. याआधी तीनदा लिहून फाडले, ते विचारात घेऊ नये.

१. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला मिळावी. मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. त्याचे वडील गेले तेव्हा आठवड्याच्या आत त्याने त्यांचे सगळे कपडे पोत्यात भरून कचरागाडीत टाकले. मी त्यांच्या एका सदऱ्याची कॉलर उलटवून लावत होते, तो सदरा टोचलेल्या सुईसकट गेला. आईचे दुःख हलके होईल असे त्याला वाटले. माझा राग नाही, पण मनात धास्ती बसली आहे. म्हणून पुढचे कलम.

२. समोरच्या खोलीत दांडीवर दुरुस्तीला आलेले एकतीस कपडे आहेत. प्रत्येकाला मालकाच्या पत्त्याची चिठ्ठी टाचली आहे. ते माझे नाहीत. ज्याचे त्याला पोचवावेत. पोत्यात भरू नयेत. पुन्हा लिहिते: पोत्यात भरू नयेत.

३. थोरल्या दिरांना काही नाही. "आमच्या घरात ठिगळं लावायची वेळ आली का?" असे ते चार लोकांत म्हणाले होते आणि पुढच्याच महिन्यात स्वतःची पँट घेऊन मागच्या दाराने आले. पँट तयार आहे. पुढच्या दाराने येऊन न्यावी.

४. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या, दोऱ्यांची पेटी आणि समोरची खोली हयातभर वापरण्याचा हक्क मी उंचीला देत आहे. मुलगा विचारेल, ही कोण? म्हणून सविस्तर लिहिते.

कारखान्यात आम्हा दोघींना मापांवरून नावे पडली होती. ती उंची, मी घेर. न खपलेला आणि परत आलेला माल आमच्या विभागात येई. तो कोणी घालू नये म्हणून ब्लेडने फाडायचा, हे आमचे काम. एक बटण तुटलेला कोटसुद्धा फाडायचा. अकरा वर्षे मी रोज धडधाकट कपडे फाडले.

एक दिवस उंचीने लहान मुलाचा लोकरी स्वेटर न फाडता पिशवीत ठेवला. संध्याकाळी मोजणीत एक नग कमी भरला. साहेब म्हणाले, "कोणी घेतला ते कळलं नाही तर दोघीही उद्यापासून येऊ नका." माझा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळला होता. मी उंचीच्या पिशवीकडे पाहिले. तोंडातून शब्द काढला नाही, नुसते पाहिले. तेवढे पुरले. तिची नोकरी गेली, माझी निवृत्तीपर्यंत टिकली. त्याला एकोणीस वर्षे झाली. आम्ही बोललो नाही.

निवृत्तीनंतर मी समोरची खोली उघडली, कारण फाडलेले तर परत येणार नव्हते. दर रविवारी लोक फाटके-उसवलेले कपडे घेऊन येतात. होता होईल तो मी शिवून देत नाही, शिकवते: बटण घट्ट कसे लावावे, उसवण वेळेवर कशी धरावी, लोकर थंड पाण्यातच का धुवावी. ज्याने स्वतःच्या हाताने एक टाका घातला तो कपडा सहजी टाकत नाही. एक ट्रकचालक म्हणाला होता, "बाई, या बोटांना सुई सापडायची नाही." आता तो शेजारपाजारच्यांना रफू शिकवतो.

उंचीचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. तिचे रफू बोटाने चाचपले तरी लागत नाही. खोली तिच्या हाती गेली तर चालू राहील, नाहीतर भाड्याने जाईल. पण ती नको म्हणाली तर? त्याला माझ्याकडे कलम नाही.

मागच्या सोमवारी हेच विचारायला तिच्या दारात गेले आणि ऐनवेळी जीभ वळेना. भलतेच बोलून बसले, "मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करशील का?"

"मीच सापडले तुम्हाला?" ती म्हणाली. मग दार लोटता लोटता, "येईन. सहीपुरती."

५. अखेरीस माझ्या अंगावर नवीन काही घालू नये.

सह्यांच्या वेळी वाढवलेला मजकूर:

उंची वेळेवर आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पेन तिच्या हातात होते तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "या मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी साक्षीदार होऊ नये. हक्कच धोक्यात येतो."

"मला काय मिळणार आहे?" तिने विचारले.

मी कलम चार तिच्यापुढे सरकवले. म्हणाले, "नको असेल तर सही कर. मी समजेन." तिने सगळे सावकाश वाचले. एका ओळीवर बोट ठेवून थांबली. पेन अजून हातातच होते.

"नुसतं पाहिलं असं लिहिलंयस," ती म्हणाली. "तू रडत होतीस. तेही लिही."

ते इथे लिहीत आहे. मी रडत होते.

तिने पेनाला टोपण लावून ते माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "मी सही करत नाही. तू दुसरा साक्षीदार बघ."

ठिकाण: समोरची खोली
मार्चचा दुसरा सोमवार, सकाळी साडेअकरा

लिहून देणारी: (सही)

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली, आणि आम्हाला यातून काही मिळणार नाही:

साक्षीदार १: (सही) वकीलबाईंच्या कचेरीतल्या टंकलेखिका
साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, हातातले काम टाकून धावत आले