झावळीच्या टोकावरची खूण

प्रिय सालोमी,

आज दुपारी बिडकीनहून शिंदीच्या झावळ्या आल्या. तू ठेवायचीस तशाच ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीत ठेवल्यात. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टर आठवड्यावर आला. घरभर तो हिरवा, कच्चा वास पसरलाय आणि तू नाहीस. हे सांगायचं कुणाला? म्हणून तुलाच लिहितोय.

हसू नकोस! एवढ्या संसारात तुला एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही मी. गरजच काय होती? तू कायम हाकेच्या अंतरावर.

दरवर्षी या शनिवारी तू मागच्या दारात पाट टाकून बसायचीस आणि छावणीतल्या आपल्या चर्चमधल्या सगळ्यांसाठी झावळीच्या पानांचे क्रूस वळायचीस. टाचणी नाही, दोरा नाही, नुसत्या घड्या. पानाचं एक टोक दातांत धरलेलं. मी म्हणायचो, "बकरी झालीस का काय? देवाची झावळी खातीस!" तोंडात पान, त्यामुळं तुला बोलता यायचं नाही. डोळे तेवढे वटारायचीस. आपल्या घरात तेवढाच वेळ शांतता असायची, कबूल कर.

बडबड्या मात्र मीच. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी मटण सोडायचो आणि सोडल्याचं सगळ्या गल्लीला सांगत फिरायचो. तू म्हणायचीस, "पोटाचा उपास लई सोपा असतो मेस्तरी. येखाद्या वर्षी तोंडाचा धरा की!"

यंदा धरला बघ. धरला कसला, आपोआप घडला. मुलगा वाळूजच्या कंपनीत शिफ्टला, सून एस्तेर दिवसभर शाळेत. बोलणार कुणाशी?

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराआधी फादरांनी सांगितलं, गेल्या वर्षीचे क्रूस आणून द्या, जाळून कपाळाला लावायची राख करायची आहे. दरवर्षी त्या पत्र्याच्या डब्यापाशी तू उभी असायचीस. कुणी जुना क्रूस घरीच ठेवला की त्याला सोडायची नाहीस. "जुनं दिल्याबिगर नवं भेटत नाय!" आणि यंदा लपवणारा कोण? तुझाच नवरा! तुझा शेवटचा क्रूस, आजारपणात उशीला टेकून वळलेला, प्रभूच्या तसबिरीमागं खोचलेला. तो कसा देऊ गं? तुझ्या साड्या तुझ्या बहिणींनी नेल्या. तुझ्या बोटांनी केलेलं दुसरं काय उरलंय माझ्याजवळ? त्या बुधवारी मी डब्यात काही न टाकताच रांगेत उभा राहिलो आणि कपाळाला राख लावून घेतली.

पुढं एका रविवारी चर्चमधल्या बायकांचा विचार चालला होता, आता क्रूस कोण वळणार? कुणीतरी म्हणालं, स्टेपलरनं जोडू. स्टेपलर! माझ्या तोंडून निघून गेलं, "मी वळतो!" फादर म्हणाले, "जमेल ना काका?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" उचलली जीभ लावली टाळ्याला. वळता कुठं येत होतं मला?

मग रोज संध्याकाळी तुझ्या पाटावर बसायला लागलो. समोर तुझा क्रूस, हातात अंगणातल्या कर्दळीचं पान फाडून केलेली पट्टी. घडी आत कुठं शिरते तेच कळेना. माझे सगळे क्रूस सैल पडायचे. एस्तेर म्हणाली, "पप्पा, आईंचा उलगडून बघा ना." मी भडकलो तिच्यावर. वाळलेलं पान, तुटलं म्हणजे? बिचारी आत निघून गेली.

त्या पाटावर एकट्यानं गप्प बसण्यात काय काय वर येतं, सालोमी! प्रार्थना मला कधी आली नाही. तू करायचीस, मी आमेन म्हणायचो. यंदा पाटावर बसून मी प्रार्थनाच करतोय असं मला वाटत होतं. पण देवाला मी रोज एकच म्हणत होतो, तिला परत दे. दुसरं काही मागताच येत नव्हतं.

गेल्या रविवारी शेवटी तुझा क्रूस पाण्यात घातला. नळ आला नव्हता, माठातलंच पाणी घेतलं. पान मऊ झालं. एकेक घडी उघडली. एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलणारा मी, पण प्रत्येक घडी आधी नखानं चाचपून बघत होतो. शेवटची घडी सुटली आणि हातात नुसती एक पट्टी राहिली. क्रूस गेला. मी मोठ्यानं रडलो. एस्तेर धावत आली.

तिनंच दाखवलं. "पप्पा, हे टोकाला काय?" बारीक बारीक खळगे होते. दातांच्या खुणा. तुझ्या.

मी बोट फिरवत बसलो त्यावरून. आणि इतकी वर्षं मी तुला बकरी म्हणत होतो! दात म्हणजे तुझा तिसरा हात होता ना? टोक दातांनी ताणून धरल्याशिवाय घडी आवळतच नाही. मग सांगितलं का नाहीस कधी? पण सांगणार तरी कशी, तोंडात पान असायचं तुझ्या.

आज दुपारपासून वळतोय. टोक दातांत. पान इतकं तुरट लागतं, हेही तू बोलली नाहीस. शेजारी एस्तेर बसलीय, तिच्याही तोंडात पान. आमचे क्रूस तुझ्याइतके सफाईचे नाहीत, पण एकालाही टाचणी नाही. पहिला जमत आला तेव्हा तुला दाखवायला हाक मारली. तोंड उघडलं आणि घडी सुटली.

ते तुझं पान पुन्हा वाळलंय. बायबलात ठेवलंय. पुढच्या राखेच्या बुधवाराआधी मी ते डब्यात टाकीन, सगळ्यांच्या आधी, माझ्या हातानं. शब्द देतो तुला. त्याची राख माझ्या कपाळाला लागेल, तेव्हा मी रांगेत कुणाशी एक अक्षर बोलणार नाही.

जुनं देतो गं. पण नवं भेटायचं ते तिकडं, प्रभूच्या घरी, तुझ्याजवळच भेटू दे.

तुझाच,
मेस्तरी