न गळणारा स्प्रे स्कर्ट आणि तो कापणारी सून

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. परवाना अधिकारी (जलक्रीडा),
जलाशय कार्यालय, पहिला मजला,
जिन्यालगतची खोली.

अर्जदार : निवृत्त मुख्य गळती तपासनीस, टाक्यांचा कारखाना, सध्या कयाक क्लबचे सभासद.

विषय : उत्तम स्थितीतील, थेंबभरही न गळणारा स्प्रे स्कर्ट भर पाण्यात सुरीने कापल्याबद्दल सुरक्षा-नौकेवरील प्रशिक्षिकेस (नात्याने अर्जदाराची सून) पदावरून दूर करणे, आणि अर्जदाराचा रद्द झालेला परवाना परत मिळणे, याबाबत.

संदर्भ : परवाना रद्द केल्याचे आपले पत्र. (त्यातील मुख्य वाक्य चार ओळींचे असून त्यात क्रियापद नाही. तरीही अर्जदारास आशय कळला.)

महोदय,

१. अर्जदार आपणास सविनय कळवू इच्छितात की, जलाशय या काठापासून त्या काठापर्यंत कयाकने पार करण्याची वार्षिक मोहीम या महिन्याअखेरीस आहे. मोहिमेस वयाची अट आहे. अर्जदार या वर्षी त्या अटीत बसतात, पुढील वर्षी बसणार नाहीत. म्हणजे अर्जदारास ही एकच संधी आहे. ती आपण एका रबरी शिक्क्याने हिरावून घेतली आहे, आणि शिक्काही तिरका मारला आहे.

२. आपण ज्या खुर्चीवर बसता तीवर बसणाऱ्यास स्प्रे स्कर्ट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. परंतु मागील भेटीत आपण त्या वस्तूचा उल्लेख "तो कमरेचा रबरी टॉवेल" असा केला. त्यामुळे नाइलाजाने खुलासा करण्यात येतो. कयाकमध्ये माणूस ज्या खाचेत पाय लांब करून बसतो, त्या खाचेवर ताणून बसवायचे ते झाकण होय. ते कमरेला घट्ट असते आणि त्याचा लवचीक काठ खाचेच्या कडेखाली अडकवायचा असतो. लाट अंगावर आली तरी होडीत पाणी शिरू नये, एवढेच त्याचे काम. पुढच्या बाजूला काठाला एक लाल पट्टी शिवलेली असते. होडी उलटल्यास ती पट्टी ओढायची, म्हणजे झाकण सुटते आणि माणूस बाहेर येतो. या पट्टीचा विषय पुढे येणारच आहे.

३. निवडीबाबत. बाजारातील दुकानदाराने अर्जदारापुढे प्रथम नायलॉनचा स्कर्ट टाकला आणि म्हणाला, "काका, हलका आहे, झटकन सुकतो, सगळे हाच नेतात." सगळे नेतात म्हणून नेणे हा मेंढरांचा धर्म आहे. तरीही कोणासही संधी नाकारू नये या तत्त्वास अनुसरून अर्जदाराने तो घरी नेला, न्हाणीघरात दोन स्टुलांच्या मध्ये ताणून बांधला, त्यात पाणी ओतले आणि खाली वर्तमानपत्र पसरले. मधोमध खोलगट होऊन त्यात तळे साचले, आणि शिवणींतून पाणी असे झिरपू लागले की वर्तमानपत्राचे पहिले पान लवकरच वाचण्यापलीकडे गेले. स्कर्ट दुकानात परत करताना अर्जदाराने ते पान सोबत नेले होते. दुकानदाराने ते पाहण्यास नकार दिला.

४. अर्जदाराच्या मुलाने या चाचणीदरम्यान दाराबाहेरून "बाबा, आम्ही अंघोळ कधी करायची?" असा प्रश्न वारंवार विचारला. तो बँकेत नोकरीस आहे. अंघोळ केली काय आणि न केली काय, बँकेचे काम जसे चालायचे तसेच चालते, ही बाब त्याच्या निदर्शनास आणून देण्यात आली.

५. दुसरा स्कर्ट निओप्रीनचा, म्हणजे पाणबुडे जो पोशाख घालतात त्या जाड रबरी कापडाचा होता. कोपर घासतात तेथे दुहेरी थर, शिवणींवर आतून पट्ट्या, काठात जाड रबरी दोर. अर्जदाराने आपल्या होडीच्या खाचेची कड कारखान्यातील स्वतःच्या मापकाने मोजली आणि त्या मापाचाच नग मागवला. येथे सुनेने, कोणी न विचारता, आपले मत दिले. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "बाबा, काठ घट्ट हवा, कंबर घट्ट हवी, आणि पट्टी कायम बाहेर दिसायला हवी. बाकी चार थेंब आत आले तर येऊ द्या, अंग काही विरघळत नाही." अर्जदाराचे सबंध आयुष्य हेच चार थेंब शोधण्यात गेले आहे. त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून एकही टाकी बाहेर पडली नाही आणि बाहेर पडलेली एकही टाकी गळली नाही. अशा गृहस्थास "येऊ द्या" हे शब्द ऐकवणे कितपत उचित आहे, हे आपणच ठरवावे.

६. निओप्रीनच्या स्कर्टची चाचणी घेतली असता तो सर्वत्र कोरडा आढळला. फक्त एका जागी थेंब जमत होता. ती जागा म्हणजे लाल पट्टीच्या टाक्यांची. गळतीचे मूळ सापडल्यावर ते काढून टाकायचे, ही कारखान्याची पद्धत आहे. त्यानुसार अर्जदाराने पट्टी उसवली, भोके बुजवली आणि सायकलच्या ट्यूबला लावतात तसे ठिगळ आतून व बाहेरून चिकटवले. शिवाय काठातील दोर बदलून अधिक जाड घातला, जेणेकरून बसवलेले झाकण जागचे हलू नये. त्यानंतर स्टुलांखाली ठेवलेले वर्तमानपत्र कोरडे ठणठणीत राहिले. अर्जदारास निवृत्तीनंतर इतका आनंद प्रथमच झाला. मुलास बोलावून ते पान दाखवले असता तो "छान" म्हणाला आणि टॉवेल घेऊन आत गेला. सून त्या वेळी कामावर होती. ती आल्यावर तिला दाखवण्याची अर्जदारास आवश्यकता वाटली नाही.

७. घटनेच्या दिवशी सकाळी क्लबचे सभासद सरावासाठी पाण्यात उतरले. सून सुरक्षा-नौकेवर होती. प्रत्येकाकडे बोट करून ती "पट्टी दाखवा" असे ओरडत होती आणि प्रत्येक जण शाळेतल्या मुलासारखा आपापली लाल पट्टी धरून दाखवत होता. अर्जदाराची पाळी आली तेव्हा तिने विचारले, "बाबा, पट्टी बाहेर आहे ना?" अर्जदाराने हात वर केला. हात वर करणे याचा अर्थ होकार असाच होतो असे नाही. तो नमस्कारही असू शकतो. तिने तो होकार समजला, कारण सासरा खोटे सांगणार नाही असा तिचा समज होता.

८. अर्जदाराच्या शेजारच्या होडीत एक निवृत्त भूगोल शिक्षक होते. त्यांनी तोच नायलॉनचा, सगळे नेतात तो स्कर्ट लावलेला होता. त्यांच्या मांडीवर तळे साचले होते आणि त्यांची विजार खालून भिजत होती, तरी ते मजेत शीळ घालत होते. आयुष्यभर नकाशावर समुद्र दाखवलेल्या माणसास स्वतःच्या मांडीवरचा समुद्र दिसू नये याचे अर्जदारास वैषम्य वाटले. तो दाखवण्यासाठी अर्जदार वल्हे त्यांच्या दिशेने धरून किंचित झुकले. या झुकण्यात होडी उलटली.

९. येथे अर्जदार एक तांत्रिक बाब नोंदवू इच्छितात. होडी उलटून अर्जदाराचे डोके खाली व होडी वर, अशी स्थिती असताना त्या स्कर्टमधून एक थेंबही आत शिरला नाही. कमरेखाली अर्जदार संपूर्ण कोरडे होते. अशी चाचणी कोणत्याही कारखान्यात घेता येत नाही, आणि स्कर्ट तीत निर्विवाद उत्तीर्ण झाला.

१०. अर्जदाराने दोन्ही हातांनी काठ सोडवण्याचा प्रयत्न केला. काठ सुटला नाही. तो सुटू नये म्हणूनच दोर जाड घातला होता. मग अर्जदाराचा उजवा हात पुढे गेला आणि ठिगळावरून फिरत राहिला. तेथे काही नाही हे अर्जदारास पक्के माहीत होते, कारण ते अर्जदारानेच काढले होते. हाताला मात्र ते पटेना. पाणी हिरवे होते. अर्जदार घाबरले होते. हे वाक्य सरकारी नोंदीत घेऊ नये.

११. त्यानंतर सून पाण्यात आली. नौका थांबवून, शिडी लावून यावे असा नियम आहे. ती कपड्यांनिशी नौकेवरूनच उडी मारून आली. तिने अर्जदारास कमरेला धरले आणि जीवरक्षक जाकिटाच्या खांद्याच्या पट्ट्यास लावलेली सुरी काढून स्कर्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला. अर्जदाराने मापून, तपासून, ठिगळ लावून सिद्ध केलेली वस्तू तिने एका झटक्यात निकामी केली. अर्जदार वर आले, खोकले, आणि त्यांचे पहिले उद्गार होते, "अगं, नवीन होता तो." हे उद्गार शिक्षकांनी ऐकले असून ते आता क्लबमध्ये सर्वांना सांगत आहेत.

१२. काठावर आल्यावर सुनेने स्कर्टचे तुकडे हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "पट्टी कुठंय?" तिने ठिगळावर बोट ठेवले आणि पुन्हा विचारले, "बाबा, पट्टी कुठंय?" मग ती तेथेच ओल्या पायरीवर बसली. सुरी खांद्याच्या पट्ट्यात परत खोचताना ती दोनदा चुकली. स्कर्ट कापताना तिचा नेम एकदाही चुकला नव्हता, हे अर्जदाराने पाण्याखाली जवळून पाहिले आहे. परवाना रद्द करावा असा अहवाल तिनेच त्या दुपारी आपणाकडे दिला. त्यात अर्जदाराने हात वर केल्याचा उल्लेख नाही. तो तिने का वगळला हे अर्जदारास समजलेले नाही.

१३. आता घरातील परिस्थितीबाबत. ही बाब आपल्या अखत्यारीत येत नाही. परंतु आपल्या अखत्यारीत येणाऱ्या बाबी आपण कशा हाताळता ते पाहता फारसा फरक पडणार नाही. या सुनेचे व अर्जदाराचे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पटलेले नाही. नळाचा वायसर, गॅसची नळी, पाण्याची टाकी, प्रत्येक बाबतीत ती अर्जदारास उलट उत्तर देत आली. "बाबा, घर आहे हे, कारखाना नाही," हे तिचे ठरलेले वाक्य. घटनेनंतर ती एकदाही उलट बोललेली नाही. अर्जदार म्हणतील त्यास "बरं, बाबा" म्हणते आणि चहा ठेवून निघून जाते. परवा अर्जदाराने मुद्दाम स्वयंपाकघरातील नळ गळतो अशी खोटी तक्रार केली, तरी ती "बरं, बाबा" म्हणाली. अर्जदारास हा प्रकार सहन होत नाही. घर सुने वाटते.

१४. आपल्या पत्रात अशी अट आहे की, होडी मुद्दाम उलटवून बाहेर पडण्याची चाचणी दिल्यास परवान्याचा फेरविचार होईल. नातेसंबंधाचा आक्षेप टाळण्यासाठी चाचणीच्या वेळी सुनेऐवजी दुसरे प्रशिक्षक असतील, असेही आपण कळवले आहे. त्या प्रशिक्षकांस अर्जदार ओळखतात. ते बोलताना सतत घड्याळ पाहतात. अर्जदाराने याच मापाचा नवीन निओप्रीनचा स्कर्ट आणला आहे. तो स्टुलांवर ताणून तपासला. लाल पट्टीच्या टाक्यांपाशी थेंब जमतो आणि पडतो. अर्जदार बराच वेळ त्याकडे पाहत बसले होते. पट्टी जागेवर आहे. थेंब पडतो, तर पडू दे.

१५. सबब अर्जदाराची प्रार्थना पुढीलप्रमाणे आहे.

(अ) विषयात नमूद केलेली पहिली मागणी, म्हणजे सुनेस पदावरून दूर करणे, ही अर्जाच्या सुरुवातीस लिहिली गेली होती. कागद वाया जाऊ नये म्हणून विषय बदललेला नाही. त्या मागणीवर आपण नेहमीच्या पद्धतीनुसार काहीही करू नये.

(आ) अर्जदार चाचणीस तयार आहेत. मात्र त्या वेळी होडीशेजारी पाण्यात सून उभी असावी. अन्य कोणी असल्यास अर्जदार होडीत बसणार नाहीत, मग मोहीम राहिली तरी चालेल.

(इ) पुरावा म्हणून आपण जी सुरी कपाटात कुलूपबंद केली आहे ती चाचणीपूर्वी सुनेस परत द्यावी. आपल्या कपाटात सुरीला गंज चढला असणार. धार अर्जदार स्वतः लावून देतील.

(ई) हात वर केल्याचा मजकूर तिच्या अहवालात घालून घ्यावा. तो होकार नव्हता आणि नमस्कारही नव्हता.

आपल्या उत्तराची वाट पाहण्याची सवय झालेला,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार

सोबत :
१. कापलेला स्कर्ट, दोन तुकडे. ठिगळ अद्याप शाबूत आहे, कृपया पाहावे.
२. वर्तमानपत्राचे कोरडे पान.
३. उसवलेली जुनी लाल पट्टी : जोडलेली नाही. अर्जदाराने ती हत्यारांच्या खणात टाकली होती. सध्या ती सुरक्षा-नौकेच्या किल्लीला बांधलेली आढळते. कोणी बांधली, याची चौकशी करू नये.