दाजींची तिसरी ओळ

वर्षालीला दुपारच्या पाळीला निघायला उशीर होत होता, तरी दारातून परत येऊन ती सातवीतल्या दक्षतासाठी चिठ्ठी लिहायला बसली. होळीनंतर सासऱ्यांना, दाजींना, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्यांच्या तोंडून धड शब्द निघत नव्हता आणि नात त्यांच्या खोलीत जायचंच टाळत होती.

दक्षू,

कुकरमध्ये भात आहे, कालवण गरम करून घे. आजी बाजारातून दमून आलीय, तिला उठवू नको.

तुझी उन्हाळ्याची हायकू टेबलावर अर्धीच पडलेली. पाच-सात-पाच अक्षरांची ना? दाजींना पेज भरवताना मी त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या:

भर दुपारी
पाणघोड्याचे फक्त

अगं, दाजी हसले! बोलायच्या व्यायामात शिकवलंय तसं त्यांनी डाव्या हाताने पलंगावर एकेक अक्षर वाजवलं आणि म्हणाले, "ना-क व-र-ती." मोजून बघ, बरोब्बर पाच. राणीच्या बागेत तुला खांद्यावर घेऊन पाणघोडा त्यांनीच दाखवलेला. मी रडले, ते सोड.

तू रुसलेली नाहीस, घाबरलीयस, हे त्यांना कळतं गं. आज जाऊन बस त्यांच्याजवळ. ती ओळ त्यांच्याच तोंडून ऐक. शब्द अडला तर घाईने तू पुरा करू नको, थांब जरा. आणि वहीत कविता उतरवशील तेव्हा तुझ्या नावाशेजारी त्यांचंही नाव लिही.

आई