दमूचे गुरुवार

लालबाग, सप्टेंबर १९५६

प्रिय जगदीश,

तुझी बोट कोलंबोला लागेल तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून घाईनं लिहितेय. आपली दमू हातभट्टीची पिते, हे वरळीतून कुणीतरी तुला कळवलंच. "तिला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकू, मी आलो की सही करतो," असं तू लिहिलंस. आय ते ऐकून जेवणावरून उठली.

संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत आपला धाकटा विठू नाक्यावर गेला आणि जानेवारीतल्या त्या गोळीबारात संपला. तेव्हापासून दमूची झोप उडाली. डोळा लागला की किंचाळून उठायची. शेजारच्या जाईबाईनं कळवळ्यानं तिला घोटभर पाजली. पोर झोपली, आयलाही बरं वाटलं. पुढे ती आपणच होड्यांमागच्या भट्टीवर जाऊ लागली. पंधरा वर्षांची पोर रे! एकदा मासळीच्या पाटीसकट रस्त्यात पडलेली सापडली, तेव्हा मी तिला नि आयला वरळीहून माझ्याकडे आणलं.

परळच्या एका इस्पितळात दर गुरुवारी अशा वयाच्या मुलांना बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. भरती करून घेत नाहीत. तपासतात, सुई टोचतात, बोलतं करतात नि घरी पाठवतात. आय म्हणाली, "दारूबंदी आहे, बाई पोलिसात कळवील." भीती मलाही होती. मी चाचरत विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मी आजार बघते. बाकीचं मला दिसत नाही."

सुरुवातीला दमू नुसती भिंतीकडे बघत बसायची. हात थरथरायचे, घामानं परकर-पोलकं भिजायचं. घरी मला शिव्या घालायची, एकदा कडकडून चावलीही. जरा सावरली असं वाटावं, तोवर कुठून तरी पिऊन यायची. बाईंचं एकच सांगणं, "घसरली तरी मारू नका. गुरुवारी घेऊन या."

या गुरुवारी, तुझी बोट येतेय असं आय बोलून गेली, आणि इस्पितळाच्या फाटकातूनच दमू माझ्या हाताला हिसडा देऊन पळाली. मी सगळं परळ पालथं घातलं. रुळांकडे बघायची छाती होईना. शेवटी बाईंना सांगायला गेले, तर ही त्यांच्यासमोर बसलेली. तोंडाला वास होता, पण आपल्या पायांनी आली होती. आणि माझ्यादेखत बोलली.

जगदीश, शेवटी विठूजवळ कोण होतं, हे तू प्रत्येक पत्रात विचारतोस. दमू होती. आयनं तिला त्याला बोलवायला धाडलं होतं. पोटात गोळी लागलेला विठू पाणी मागत होता. ही नळाकडे धावली. कुणाचा तरी तांब्या भरून आली, तोवर पोलिसांनी रस्ता अडवलेला. त्यांनी तिला पुढे सोडलंच नाही. तू आलास की पहिलं तेच विचारशील, या धास्तीनं ती पीत होती. तर तिला ते विचारू नकोस. का सोडून गेलीस, असं तर मुळीच नको. सही कशावरच करू नकोस. गुरुवारी आमच्याबरोबर ये, तिच्याशेजारी बाकावर बस. यापुढे पिणार नाही, असं वचन तिनं दिलेलं नाही. बाईंनी मागितलंही नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "ताई, दादाला तूच आधी सांग. माझ्याच्यानं नाय होणार." ते सांगितलं.

तुझीच,
राधाताई