शीळ कोणामुळे?

मंगळवार, ७ जानेवारी
शीळ! हे शीळ घालत होते! कॉलेजातून येताना आमच्या कृषी केंद्राशेजारी झेरॉक्ससाठी थांबले होते, तर आतून ऐकू आली. अगदी सुरात. काउंटरवर ती नवी संजीवनी बिलं करत बसलेली. तिशीची असेल. हे मागे खताची पोती लावत होते, आणि शीळ. घरी मी ती शेवटची कधी ऐकली? आठवत नाही.
आत गेले नाही. का नाही गेले?

गुरुवार, ९
दुकानापुढे तिची स्कूटी दिसली म्हणून थांबले. पुन्हा शीळ. ती कशाला तरी हसली. कशाला, ते ऐकू आलं नाही, आणि तेच जास्त लागलं.
उगाच आधार कार्डाची प्रत काढली. झेरॉक्सवाले गुलाबराव म्हणाले, "परवाबी हेच काढलं नं, मॅडम! भिंतीले चिकटवून राह्यल्या का?"

शुक्रवार, १०
स्कूटी होती. शीळ होती.

सोमवार, १३
अकरावीच्या तर्कशास्त्राच्या तासाला चार पत्त्यांचं कोडं घातलं. नियम असा — एका बाजूला 'क' असेल तर मागे सम आकडा हवा. टेबलावर क, ट, ४ आणि ७. नियम तपासायला कोणते पत्ते उलटायचे? सगळ्यांचं एकच — क आणि ४. अरे, ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही! मोडू शकतो तो ७. कोणालाच पटेना.
मग म्हटलं, शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी आहे. जो जेवेल त्यानं गोवऱ्या आणलेल्या हव्यात. कोणाला तपासाल? अख्खा वर्ग ओरडला, "जो जेवून राह्यला त्याले! अन् ज्यानं नाही आणल्या त्याले!" उंद्रीचा भागवत म्हणे, "मॅडम, ज्यानं आणल्या त्याले काऊन विचाराव? सुखानं जेवू द्या नं!"
कोडं तेच. पण फुकट्या शोधायचा म्हटलं की डोकं धावतं. माझंही धावतंय सध्या. धावतंय की भरकटतंय?

मंगळवार, १४
तीळ निवडताना सासूबाईंना सहज विचारलं, हे पूर्वी शीळ घालायचे का? "हाव! लगनाआधी गावभर शिटी वाजवत फिरे. बापाच्या शिव्या खाये. आता काऊन सोडली, कोनाले माहीत!"
सोडली नाही, जागा बदलली — ओठावर आलं होतं. गिळलं.

गुरुवार, १६
जेवताना विचारलं, "संजीवनी कामाला कशी आहे?"
"चांगली आहे."
म्हणताना ताटाकडे बघत होते. माझ्याकडे बघितलं असतं तरी मी संशयच घेतला असता! हे कळतं मला. कळून काय उपयोग?

शनिवार, १८
लाज वाटते. माझा नियम काय? 'ती असली तरच शीळ.' आणि मी थांबते कधी? स्कूटी दिसली की! म्हणजे ज्यानं गोवऱ्या आणल्या त्यालाच पुन्हा पुन्हा विचारतेय. ती नसताना एकदाही उभी राहिले नाही. आणि वर्गाला शिकवते!
चुकून नाही हे. भीती आहे. ती नसताना शीळही नसली, तर मला घरात काय उरलं? म्हणून जात नाही.

सोमवार, २०
संजीवनी आठवडाभर धामणगाव बढ्याला, बहिणीकडे. स्कूटी नाही. आज जायलाच हवं होतं. गेले. आत शांतता. थोडा वेळ शांतताच.
मग — शीळ! एकटेच होते, बियाण्याची पाकिटं लावत. तीच चाल!
गुलाबराव म्हणाले, "शेठचं रोजचंच हाय हे. शटर उघडलं का सुरू. पाच वर्सं झाले आइकून राह्यलो."
पाच वर्षं! संजीवनी तर दिवाळीनंतर आली. मोडला माझा नियम! भर रस्त्यात हसू आलं. चुकल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता. बिचारी पोर! मनातल्या मनात काय काय बोलले तिला.
उद्या सुट्टी टाकते. भरीत-भाकरीचा डबा करून स्वतः नेऊन देते. मुद्दाम समोरून जायचं, झेरॉक्सच्या आडून नाही.

मंगळवार, २१
डबा घेऊन गेले. शीळ रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला. ह्यांनी मान वर केली, मला पाहिलं.
शीळ थांबली.