दवाखान्याचं पुस्तक

बनी पार्क, जयपूर
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय शालन,

या महिनाअखेरीला मी रेल्वेतून निवृत्त होतोय. क्वार्टर सोडायचं म्हणून तुझ्या आईच्या पेट्या उपसत बसलोय. ती गेल्यापासून त्या कुणी उघडल्याच नव्हत्या. तुझा शाळेचा स्वेटर अजून आहे, कसर लागलेला.

त्याच्याच खाली आपलं रेल्वेच्या दवाखान्याचं पुस्तक सापडलं. घरातल्या कुणालाही नेलं की डॉक्टर त्यात तारीख आणि औषध लिहायचे. चाळत बसलो. नागनाथची खरूज, नागनाथचा खोकला, नागनाथचा कान. तुझ्या भावाचा नुसता कान दुखला, तर त्याच दिवशी सिग्नल कॅबिनवरची ड्यूटी बदलून मी त्याला नेलं होतं. तुझं नाव कुठे आहे म्हणून शेवटपर्यंत पानं उलटली. देवीची लस, बस्स.

कान तर तुझाही वाहायचा गं. दोन हिवाळे वाहत होता. आम्ही कोमट तेल घालायचो, कापसाचा बोळा लावायचो. मुलीच्या जातीनं एवढ्यातेवढ्याला दवाखाना मागू नये, असं मी कधी म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. आणि हाक मारल्यावर तू वळली नाहीस की तुझं लक्ष नसतं म्हणून डाफरायचो. एकदा थप्पडही मारली. चारचौघांत मात्र छाती फुगवून सांगायचो, आमच्याकडे मुलगा-मुलगी भेद नाही, दोघं एकाच शाळेत जातात. मला ते खरं वाटायचं.

वाईट याचं वाटतं, की अजूनही ते सुटलेलं नाही. परवा नागनाथची मुलगी कान धरून रडायला लागली, आणि हे पुस्तक समोर उघडं असताना माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर जरा तेल गरम करा. दुसऱ्या दिवशी मीच तिला दवाखान्यात नेलं. पण आधी तेलच आठवलं. या वयात मी काय बदलणार?

तुझ्या कानांचं आता काही होणार नाही असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं जावईबापूंनी कळवलं. राहवलं नाही म्हणून काल तुमच्या शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावला. तीन वेळा ओरडून सांगितलं, शालन, माझं चुकलं. तू म्हणालीस, हो अण्णा, इकडे सगळे बरे आहेत, तुम्ही तब्येतीला जपा. तेवढ्यात तीन मिनिटं संपली. म्हणून हे लिहून पाठवतोय.

तुझाच,
अण्णा